भारतसंहितेचे निष्काम सेवक : डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर

बेंगळूरच्या चामराजपेटेत ज्या मार्गावर कन्नड साहित्य परिषदेची वास्तू उभी आहे, त्या मार्गास महाकवी पंप याचे नाव दिलेले आहे. पंपाने इ. स. ९४१ मध्ये अर्जुनास नायक कल्पून कन्नड भाषेत भारतकथा गाइली. त्याच पेटेत श्रीचामराजेंद्र संस्कृत महापाठशाळा आहे. एकीकडे कन्नड भारत आणि दुसरीकडे मूळ व्यासभारत, अशा दोन प्रवाहांच्या संगमावर आमच्या या वस्तीतील कित्येक गृहस्थांची सायंकाळ जात असते. चातुर्मासात कोठे कुमारव्यासाचे भारत रागदारीत वाचले जाते, तर कोठे संस्कृत भारताचे पुराण चालते.

अशाच एका पुराणाच्या वेळी घडलेला प्रसंग या लेखास निमित्त झाला. आदिपर्वाचा आरंभ होता. प्रस्तुत लेखक पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली प्रत समोर ठेवून अर्थ सांगत होता. वाचन पुढे गेले, तेव्हा श्रोत्यांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी हात जोडून विचारले की, श्रीगणेशांनी भारत लिहून घेतल्याची कथा कोठे गेली? त्यांच्या घरी प्रत्येक गणेशचतुर्थीस ती कथा वाचण्याचा कुलाचार होता. ती या ग्रंथाच्या मुख्य भागात नाही, असे सांगताच त्यांच्या मुखावर जी व्यथा उमटली ती विसरता येण्यासारखी नव्हती. कोणा आधुनिक विद्वानाने देवाचीच कथा पुसून टाकली, असे त्यांस वाटले.

त्यांची व्यथा आम्हांस नवी नव्हती. पाठशाळेत शिकत असता आम्हीही नीलकंठांची टीका हाच प्रमाणग्रंथ मानीत होतो आणि पुण्याची ती प्रत उघडून पाहण्यासही राजी नव्हतो. पुढे भाषांतराच्या कामासाठी ती उघडावी लागली आणि पानापानाच्या तळाशी बारीक अक्षरांत काय साठविले आहे हे दिसले, तेव्हा आमचा रोष मावळला. ज्या पुरुषाने ही रचना बांधली त्याचे चरित्र कळल्यावर तर रोषाच्या जागी आदर उत्पन्न झाला. तेच चरित्र गीताप्रेमी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

विष्णु सीताराम सुखठणकर यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी मुंबईस झाला. त्यांची बुद्धी मूळची गणिताकडे वळलेली होती. मुंबईतील शिक्षणानंतर ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज येथील सेंट जॉन्स महाविद्यालयात त्यांनी गणिताचा अभ्यास केला. गणिताने त्यांस एक शिस्त लावून दिली. सिद्ध झाल्यावाचून काही मानावयाचे नाही आणि सिद्ध झाले ते आपणांस आवडो न आवडो, नाकारावयाचे नाही, ही ती शिस्त होय. पुढे आयुष्यभर हीच त्यांची शिदोरी झाली.

गणिताकडून ते संस्कृताकडे वळले आणि जर्मनीत बर्लिन येथे हाइन्रिख ल्यूडर्स या थोर पंडितांपाशी राहिले. तेथे त्यांनी प्रबंधासाठी शाकटायनाचे व्याकरण हा विषय घेतला. हा जैन वैयाकरण नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी होऊन गेला. त्या सम्राटाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड. महाराष्ट्रातील एका तरुणाने कर्नाटकातील राजाश्रयाने वाढलेले व्याकरण जर्मनीत बसून अभ्यासावे, हा विद्येचा संचार मोठा विलक्षण होय. हस्तलिखिते कशी पारखावीत, एका पोथीचे दुसरीशी नाते कसे ओळखावे, याचे शिक्षण त्यांस गुरु ल्यूडर्स यांच्याकडून मिळाले.

स्वदेशी परतल्यावर काही काळ ते पुराणवस्तु खात्यात होते. शिलालेख व ताम्रपट वाचण्याचा सराव त्यांस तेथे झाला. भासाच्या नाटकांवर त्यांनी अभ्यासपूर्ण लेख लिहिले आणि स्वप्नवासवदत्ताचे इंग्रजी भाषांतर १९२३ साली प्रसिद्ध केले. तथापि त्यांचे जीवितकार्य अद्याप पुढेच होते.

महाभारत हा ग्रंथ शेकडो वर्षे हातांनी लिहून काढला जात होता. काश्मीरात तो शारदा लिपीत भूर्जपत्रावर उतरला, केरळात मलयाळम् लिपीत ताडपत्रावर कोरला गेला, आणि नेपाळ, मिथिला, वंग, आंध्र, तमिळ देश, महाराष्ट्र या सर्वत्र निरनिराळ्या लिपींत त्याच्या प्रती झाल्या. लेखनिक कधी थकला, कधी त्याचा डोळा चुकून एक ओळ सुटली. कधी वाचणाऱ्याने समासात लिहिलेली टीप पुढील लेखनिकाने मूळ श्लोक समजून आत घेतली. कधी एखाद्या भाविक पुराणिकास कथा अपुरी वाटली आणि त्याने पदरचे चार श्लोक घातले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु परिणाम असा झाला की उत्तरेची प्रत व दक्षिणेची प्रत यांत मोठे अंतर पडले, आणि एकाच प्रांतातील दोन पोथ्याही जुळेनाशा झाल्या.

ही अडचण पूर्वजांसही ठाऊक होती. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर सतराव्या शतकात काशीस राहिले. त्यांनी आपली भारतभावदीप टीका लिहिताना निरनिराळ्या प्रांतांतील पोथ्या मिळवून त्यांतील पाठ पाहिले होते. मुद्रणयुगात त्यांचाच पाठ सर्वत्र पसरला. परंतु सर्व प्रांतांतील पोथ्यांचा एकत्र ताळा घेणे हे एकट्या पुरुषाच्या शक्तीबाहेरचे काम होते. १८९७ साली पॅरिस येथे भरलेल्या प्राच्यविद्यापंडितांच्या परिषदेत विंटरनिट्स यांनी अशा आवृत्तीची आवश्यकता मांडली. ल्यूडर्स यांनी १९०८ साली तिचा एक छोटा नमुनाही छापून दाखविला. पुढे पहिले महायुद्ध आले आणि युरोपातील तो संकल्प तसाच राहिला.

तो संकल्प पुण्याने उचलला. भांडारकर मंदिराची स्थापना १९१७ साली झाली होती. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कार्यास एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले, आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्ते कामास आरंभ झाला. नारायण बापूजी उटगीकर यांच्या देखरेखीखाली विराटपर्वाची एक प्रायोगिक प्रत १९२३ साली निघाली. ऑगस्ट १९२५ मध्ये प्रमुख संपादकत्वाची धुरा सुखठणकरांकडे आली. ज्या गुरूचा संकल्प युद्धाने अपुरा राहिला होता, तो पूर्ण करण्याचा भार शिष्याच्या खांद्यावर आला.

आता हे काम कसे चालत असे ते पाहू. प्रत्येक श्लोकासाठी एक ताव घेत आणि त्यावर आडव्या ओळीत, एकेका चौकटीत एकेक अक्षर याप्रमाणे, प्रचलित छापील प्रतीतील श्लोक लिहून काढीत. मग एकेक पोथी वाचून, तिच्यात जेथे वेगळे अक्षर असेल तेथे त्याच चौकटीखाली ते मांडीत. एखादा श्लोक पोथीत नसेल तर तशी नोंद, आणि अधिक असेल तर निराळ्या पुरवणीवर तो संपूर्ण उतरून घेत. वंगलिपीतील पोथ्यांसाठी शांतिनिकेतनात आणि दाक्षिणात्य लिपींसाठी तंजावरच्या सरस्वती महालात अशी कामे चालली. एकट्या आदिपर्वासाठी सुमारे ६० पोथ्यांचे पाठ उपयोगात आणले गेले. हे काम करणारे शास्त्री बहुधा आपापल्या लिपींत मुरलेले होते. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांची नावे झळकणार नव्हती, तरीही ते अक्षरामागून अक्षर तपाशीत राहिले.

एवढी सामग्री गोळा झाल्यावर खरी कसोटी होती ती निवडीची. बहुमताने जो पाठ अधिक पोथ्यांत असेल तो घ्यावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु सुखठणकरांनी ही वाट स्वीकारली नाही. एका चुकीच्या पोथीवरून ५० प्रती झाल्या तर त्या ५० साक्षी होत नाहीत, ती एकच साक्ष ५० वेळा उच्चारलेली असते. उलट, काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मलयाळम् पोथी यांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव अत्यल्प होता. त्या दोघींत जर एकच पाठ आढळला तर तो दोघींनी समान पूर्वजाकडून घेतला, असे मानणे भाग आहे. एखादे कुटुंब विभक्त होऊन एक शाखा काशीस व दुसरी रामेश्वरी जाऊन राहिली, आणि कित्येक पिढ्यांनी दोन्ही घरी एकच कुलधर्म दिसला, तर तो मूळ पुरुषाच्या घरचा असे आपण म्हणतो. हाच तो न्याय होय.

या न्यायाने पाहता उत्तरेची पोथी प्रमाण की दक्षिणेची, हा वादही निराळ्या रूपाने दिसू लागला. दाक्षिणात्य परंपरेने पुष्कळ विस्तार केला हे खरे, तथापि त्याच दक्षिणेतील मलयाळम् पोथ्यांनी कित्येक ठिकाणी काश्मीरच्या पाठास साक्ष दिली. कोणा एका प्रांताचा विजय झाला नाही. आदिपर्वासाठी शारदा लिपीतील एकच भूर्जपत्री प्रत उपलब्ध होती आणि तीही खंडित होती. ब्यूलर यांनी १८७५ मध्ये काश्मीरचा प्रवास करून जो हस्तलिखितांचा संग्रह आणला त्यातील ती होय. कोणा अज्ञात काश्मिरी गृहस्थाने ती पोथी जपली नसती तर केरळच्या साक्षीस जोडीदार कोठून मिळाला असता?

सुखठणकरांनी स्वतःवर घालून घेतलेले निर्बंध येथे मुद्दाम सांगावयास हवेत. आपणांस अधिक सुंदर वाटतो म्हणून कोणताही पाठ घ्यावयाचा नाही. व्याकरणास खटकणारा आर्ष प्रयोग सर्व जुन्या पोथ्यांत असेल तर तो सुधारावयाचा नाही, कारण अवघड शब्दाचा सोपा शब्द लेखनिक करतो, सोप्याचा अवघड सहसा करीत नाही. पोथीचा आधार नसता स्वतःच्या कल्पनेने शब्द घालणे अगदी अपवादानेच. आणि निवड संशयित असेल तेथे शब्दाखाली नागमोडी रेघ काढून तो संशय वाचकापुढे उघड मांडावयाचा. ही प्रत म्हणजे व्यासमुनींच्या हातची मूळ प्रत होय असा दावा त्यांनी कधी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके जाणे, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

हा मार्ग परदेशी आहे, असा आक्षेप कोणी घेतील. मराठी वाचकांस तरी तो घेता येणार नाही. पैठणच्या श्रीएकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे वारकऱ्यांच्या घरोघरी ठाऊक आहे. ज्ञानदेवांनंतर सुमारे तीन शतकांत त्या ग्रंथात पाठांतरे शिरली होती. नाथ स्वतः कविश्रेष्ठ होते. त्यांनी मनात आणले असते तर ज्ञानेश्वरीत आपल्या शेकडो ओव्या बेमालूम मिसळल्या असत्या. तसे न करता त्यांनी पोथ्या पाहून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. ज्याच्यापाशी लिहिण्याचे सामर्थ्य आहे त्याने दुसऱ्याच्या ग्रंथापुढे लेखणी आवरावी, यापरती गुरुभक्ती कोणती? सुखठणकरांनी केले ते याच जातीचे होते. नाथांच्या काळी ज्या पोथ्या हाती येऊ शकत होत्या त्यांहून कितीतरी अधिक पोथ्या त्यांस मिळाल्या, एवढाच भेद.

आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली बाहेर पडला आणि १९३३ साली संपूर्ण पर्व विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. गणेशांनी भारत लिहिल्याची कथा मुख्य संहितेत नाही, हे याच वेळी स्पष्ट झाले. ज्या पोथ्यांची साक्ष निर्णायक त्यांत ती नव्हती. अशा वेळी संपादकाच्या मनात काय येत असेल याचा विचार करावा. ही कथा लाडकी होती आणि घरोघरी रूढ होती. ती ठेवली असती तर सर्वांनी धन्यवाद दिले असते, काढल्याने दोष येणार हे दिसत होते. तरीही लोकांस रुचावे म्हणून त्यांनी न्याय वाकविला नाही.

परंतु त्यांनी ती कथा फेकूनही दिली नाही, आणि हीच गोष्ट आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस दाखविली. आदिपर्वाच्या परिशिष्टाचे पहिलेच प्रकरण उघडले की ती कथा अक्षरशः छापलेली दिसते, कोणत्या पोथ्यांत ती आहे आणि तिचे पाठ कसे आहेत या नोंदींसह. एकदोन ओळींचा अधिक मजकूर असेल तर तो तारकाचिन्हाने तळटीपेत, मोठा असेल तर परिशिष्टात, अशी योजना सर्वत्र आहे. भाविकांच्या पिढ्यांनी भारतास अर्पण केलेले एकही फूल निर्माल्य म्हणून टाकलेले नाही. मूर्ती कोणती आणि फुले कोणती एवढेच वेगळे करून दाखविले आहे.

आक्षेप केवळ भाविकांचेच होते असे नाही. फ्रान्समधील विख्यात पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी असे सुचविले की मूळ पाठ निश्चित करण्याचा खटाटोप सोडावा, नीलकंठांचा पाठ छापून खाली सर्व पाठभेद द्यावेत. सुखठणकरांनी आपल्या प्रस्तावनेत या आक्षेपाचा सविस्तर विचार केला. त्यांच्या मते ज्या पाठात निरनिराळ्या परंपरा आधीच मिसळल्या आहेत तो आधार धरला तर वाचकाचे काम सुकर न होता अधिकच गुंतागुंतीचे होईल. त्यांचे उत्तर संयमी होते, पण ते तसूभरही हटले नाहीत.

पुढे जे घडले ते विद्येच्या इतिहासात क्वचितच घडते. आदिपर्व छापून झाल्यावर नेपाळचे राजगुरू हेमराज पंडित यांच्याकडील एका अतिप्राचीन ताडपत्री पोथीचा पाठ पुण्यास उपलब्ध झाला. निवड करताना ही पोथी सुखठणकरांसमोर नव्हती. आता ती त्यांच्या निर्णयांची परीक्षा घेण्यास आली होती. सुखठणकरांनी स्वतःच त्या पोथीशी आपल्या संहितेचा ताळा घेऊन त्यावर निबंध लिहिला. ज्या पुष्कळ ठिकाणी त्यांनी प्रचलित पाठ सोडला होता तेथे त्या जुन्या पोथीने त्यांच्या निर्णयास पुष्टी दिली. गणिती माणसास उत्तराचा ताळा जमला म्हणजे जो आनंद होतो तो त्यांस त्या वेळी झाला असेल.

१९३६ साली त्यांनी भृगुकुल व भारत यांच्या संबंधाविषयी निबंध लिहिला. भारतात भार्गवांच्या कथा इतक्या ठिकाणी का येतात, हे त्यात त्यांनी शोधिले. इतर पर्वे त्यांनी अधिकारी विद्वानांकडे सोपविली. विराटपर्व रघुवीरांकडे, उद्योगपर्व सुशीलकुमार दे यांच्याकडे, सभापर्व अमेरिकेतील फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे आणि भीष्मपर्व डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांकडे गेले. स्वतः त्यांनी विस्तीर्ण अरण्यकपर्व हाती घेतले व ते १९४२ मध्ये पुरे केले.

सभापर्वाविषयी येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण तिच्याविषयी गृहस्थांच्या घरी फार विचारणा होते. त्या पर्वाच्या संशोधित संहितेत, वस्त्रहरणाच्या प्रसंगी, द्रौपदीने भगवंतास घातलेली विस्तृत साद मुख्य पाठात नाही. ती टीपेत आहे. हे ऐकून पुष्कळांचे मन खिन्न होते. परंतु त्यांनी उद्योगपर्व उघडावे. तेथे संशोधित पाठातही भगवान् स्वतः सांगतात की, मी दूर असता कृष्णेने गोविंद म्हणून आक्रोश केला, त्याचे ऋण माझ्या हृदयातून जात नाही. म्हणजे एका पर्वात जी साद टीपेत गेली तिची साक्ष दुसऱ्या पर्वात जुन्या पोथ्यांनीच राखून ठेवली आहे. संहिता शुद्ध केल्याने भक्ती उणी होत नाही. ती कोठे पक्क्या पायावर उभी आहे हे मात्र कळते.

सुखठणकरांच्या जीवनाचा अखेरचा अध्याय गीताभक्तांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. सतरा वर्षे अक्षरे व पाठभेद यांत घालविलेल्या या पुरुषाने शेवटी भारताच्या अर्थाविषयी चार व्याख्याने देण्याचे मुंबई विद्यापीठासाठी ठरविले. एवढ्या काटेकोर संशोधकाने भारताचे तुकडे पाडून हा भाग जुना, तो नवा, एवढेच सांगितले असते तर नवल नव्हते. त्यांनी याच्या अगदी उलट केले. भारताकडे तीन पातळ्यांवरून पाहावे असे त्यांनी मांडले. पहिली कुरुपांडवांच्या इतिहासाची, दुसरी धर्माधर्माच्या संघर्षाची आणि तिसरी आत्मतत्त्वाची. या तिसऱ्या पातळीवर श्रीकृष्ण म्हणजे परमात्मा आणि अर्जुन म्हणजे जीव, आणि हे युद्ध माणसाच्या अंतरंगात चाललेले आहे, असा अर्थ त्यांनी लाविला. गीतेस भारताबाहेरून आणून बसविलेला तुकडा मानणाऱ्या मताशी ते सहमत नव्हते. त्यांच्या दृष्टीने गीता ही भारताचे हृदय जाणण्याची किल्ली होती.

चौथे व्याख्यान द्यावयाचे राहिले. २१ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, त्यांचे आकस्मिक निधन झाले. १८ पर्वांपैकी दोनच त्यांच्या स्वतःच्या हातून संपादित झाली होती. व्याख्याने १९५७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या निबंधांचे दोन खंड परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४४-४५ मध्ये आधीच काढले होते.

त्यांच्यामागून डॉ. बेलवलकरांनी धुरा घेतली. भीष्मपर्व १९४७ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात सर्व कसोट्यांतून गेलेली गीता वाचकांपुढे आली. काश्मीर परंपरेतील निराळे पाठ त्यात नोंदले आहेत. युद्धारंभी अर्जुनाने केलेले दुर्गास्तोत्र परिशिष्टात गेले आहे. परंतु आपण नित्य म्हणतो ती ७०० श्लोकांची गीता जशीच्या तशी स्थिर राहिली. काश्मीरपासून केरळापर्यंत शतकानुशतके गीता मुखोद्गत करणाऱ्या घराघरांनीच तिचे रक्षण केले, हे यावरून दिसते. ज्या ग्रंथाचा नित्यपाठ होतो त्यात लेखनिकाची चूक फार काळ टिकत नाही.

बेलवलकरांनंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९६१ पासून काम पुढे नेले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन् यांच्या उपस्थितीत ही आवृत्ती पूर्ण झाल्याची घोषणा झाली. आरंभापासून ४७ वर्षे लोटली होती आणि सर्व मिळून १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग झाला होता. हा दिवस सुखठणकरांनी पाहिला नाही. तो आपणांस पाहावयास मिळेल या आशेने त्यांनी काम केले असेल असेही वाटत नाही. इतके दीर्घ काम एका आयुष्यात मावणार नाही, हे गणित त्यांस पहिल्याच दिवशी कळले असणार. फळ आपल्या हाती नाही हे ठाऊक असूनही एकेका अक्षराविषयी तितकीच दक्षता बाळगणे, हाच गीतेने सांगितलेल्या कर्मयोगाचा व्यवहारातील अर्थ होय.

चामराजपेटेतील त्या वृद्ध गृहस्थांस हे सर्व एका बैठकीत सांगता आले नाही. चारपाच सायंकाळी लागल्या. शेवटी त्यांनी स्वतःच एक विचार बोलून दाखविला, तो आम्हांस सुचला नव्हता. त्या कथेत गणेशांनी अट घातली की माझी लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्यावाचून लिहू नये. ते म्हणाले की, ज्यांनी ही कथा परिशिष्टात नेली त्यांनीच तिच्यातील व्यासांची अट अक्षरशः पाळली. पुढील गणेशचतुर्थीस त्यांनी परिशिष्टातून ती कथा वाचली आणि आपला कुलाचार चालू ठेवला.

वाचकांस एकच विनंती करावयाची आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी, माळ्यावर किंवा देवघरातील पेटीत, आजोबा-पणजोबांच्या हातची एखादी पोथी लाल फडक्यात गुंडाळलेली असेल. लिपी वाचता येत नाही म्हणून ती नदीत सोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तसे करू नये. ती कोरड्या जागी ठेवावी, तीत शाईने काही सुधारू नये, पाने सुटली असल्यास त्यांचा क्रम बदलू नये आणि जवळच्या हस्तलिखित संग्रहास किंवा जाणत्या शास्त्र्यास ती दाखवावी. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो अशाच अनाम गृहस्थांच्या हातांवरून. तो पुढच्या हाती जसाच्या तसा देणे हेही ऋषिऋण फेडण्याचे एक साधन आहे.